सांधा कोणाचा?

वस्तू घडवणे आणि वस्तू जोडणे या दोन क्रियांत केवळ श्रमाचा भेद आहे, की नीतीचाही आहे? वरवर पाहता हा प्रश्न सवडीने बसलेल्या माणसाचा वाटेल. कुंभार चाकावर मडके घडवतो. आपण दुकानातून आणलेल्या पलंगाचे पाय आणि पाट्या स्क्रूंनी आवळून पलंग उभा करतो. पहिला कारागीर, दुसरा गिऱ्हाईक. यात वाद तो कसला? पण पलंगाचा पाय निखळून रात्री कोणी आपटले, तर दोष कोणाचा, हे विचारताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. पाय बनवणारा म्हणतो, माझा पाय उत्तम होता. पाटी बनवणारा म्हणतो, माझ्या पाटीला ओरखडाही नाही. स्क्रूवाल्याचा स्क्रू अजून झळकतो आहे. आणि जोडणारा म्हणतो, सोबतच्या कागदावर लिहिले होते तसेच मी केले. चौघेही खरे बोलत असतात, आणि पलंग मात्र मोडलेला असतो.

गेल्या पाव शतकात ही जोडणीची रीत थेट आकाशात जाऊन पोचली आहे. लहान उपग्रह आता ठरीव मापाचे तयार भाग एकमेकांत बसवून उभे केले जातात. विजेचा भाग एकाचा, बिनतारी संदेशाचा दुसऱ्याचा, संगणक तिसऱ्याचा, आणि वर कॅमेरा चौथ्याचा. पलंग मोडला तर एका घराची झोप मोडते. आकाशात मोडलेली वस्तू मात्र जिथे मोडली तिथे पडून राहत नाही. ती सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने फिरत राहते आणि परक्यांच्या वाटेत येते. म्हणून सांध्याचा हा प्रश्न तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका पलंगात दिसत नाही. सणाच्या निवांत दिवसांत तो घेऊन बसायला हरकत नाही.

आधी जुनी रीत पाहू. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघराज्यातील कापुस्तिन यार येथून सुटला. त्याचे वजन होते ३६० किलो. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण चमूने तो बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या साध्या शेडमध्ये तयार केला. काही साहित्य सोव्हिएत मदतीतून आले होते, तरी त्यातला भाग न् भाग त्या एकाच उपग्रहाचा विचार करून बसवलेला होता. पाचव्या दिवशी वीजपुरवठा बिघडला आणि त्यावरचे प्रयोग थांबले. पण यश कोणाचे आणि बिघाड कोणाचा, हे विचारायला दूर जावे लागत नव्हते. ज्या हातांनी उपग्रह उभा केला त्याच हातांत तो बिघाडही परत आला, आणि पुढच्या उपग्रहांच्या कामी शिकवण म्हणून लागला. या रीतीचा दोष उघड आहे. ती फार मोलाची आणि फार संथ. राष्ट्रे उपग्रह पाठवू शकत; कॉलेजातल्या पोराने तसे स्वप्न पाहणे म्हणजे चंद्र मागणे.

ही स्थिती बदलली ती १९९९ साली, आणि बदलण्याचे निमित्त मोठे गमतीचे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथील पॉलिटेक्निक विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांपुढे अडचण होती ती शिक्षकाची. विद्यार्थी एका उपग्रहाच्या कामाला लागे, आणि तो पुरा होण्याआधीच पदवी घेऊन निघून जाई. उपग्रह इतका लहान हवा की तो एका विद्यार्थ्याच्या शिक्षणकाळात पुरा व्हावा. लहान म्हणजे किती? ट्विग्जना एका दुकानात कापडी बाहुली ठेवण्याची प्लॅस्टिकची पारदर्शक चौकोनी डबी दिसली, आणि तिच्यावरून त्यांनी माप ठरवले. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. वजन एक किलोच्या आत. त्याला नाव पडले ‘क्यूबसॅट’. आपल्या घरातल्या लाडवांच्या लहानशा डब्यात मावेल एवढे हे यान!

लहानपणापेक्षा मोलाचे होते ते माप. अशा तीन डब्या एकामागे एक राहतील असे एक चौकोनी नळकांडे त्यांनी केले. मागे स्प्रिंग, पुढे झाकण. रॉकेटवाल्याशी या नळकांड्याची सोयरीक एकदा जुळली की आत कोणाची डबी आहे याची त्याला फिकीर नाही. झाकण उघडते, स्प्रिंग ढकलते, डब्या अंतराळात उतरतात. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून असे पहिले उपग्रह सुटले. त्यांत जपान, डेन्मार्क, कॅनडा आणि अमेरिका येथील विद्यापीठांचे विद्यार्थी होते.

या डबीचे जे नियमपुस्तक आहे ते वाचताना एका नियमापाशी मी थांबलो. डबी नळकांड्यात असताना तिचा प्राण बंद असला पाहिजे. आणि बाहेर पडल्यावरही निदान अर्धा तास तिने आपले अँटेना, पंख, काहीही उघडता कामा नये. कारण एवढेच की, सोबत निघालेल्या दुसऱ्या डबीला धक्का लागू नये. आत काय ठेवावे याबद्दल हे पुस्तक जवळजवळ मौन पाळते. ते बोलते ते कडेबद्दल, जिथे माझी हद्द संपते आणि शेजाऱ्याची सुरू होते तिथल्या वागणुकीबद्दल. एसटीच्या गर्दीत उतरल्याबरोबर दारातच छत्री उघडू नये, हे आपण मुलांना शिकवतो. अभियंत्यांनी तेच उपग्रहांना शिकवले.

माप म्हणजे काय, याचा आपण क्वचितच विचार करतो. माप म्हणजे अनोळखी माणसाला दिलेले वचन आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा ही नगरे एकमेकांपासून शेकडो मैल दूर. पण तेथील पक्क्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकास दोनास चार असे सारखे सापडते. वीट भाजणाऱ्याने भिंत पाहिली नसेल आणि भिंत रचणाऱ्याने भट्टी पाहिली नसेल. दोघांच्या मधे ते प्रमाण उभे होते. आपल्या छापखान्यांतही हेच चालत होते. ‘मासिक मनोरंजना’चा १९०९ सालचा पहिला दिवाळी अंक निघाला त्या काळी, आणि पुढेही कित्येक दशके, जुळारी उभ्या उभ्या शिशाचे खिळे जुळवीत असे. खिळे पाडणाऱ्याला ठाऊक नसे की त्यांतून लग्नपत्रिका छापली जाणार की अग्रलेख. त्याने एवढेच पाळायचे, की प्रत्येक खिळ्याची उंची सारखी राहावी. ती राहिली, म्हणून अनोळखी हातांत पडूनही ओळ सरळ छापून आली.

आता कोणी म्हणेल, की तयार भाग जोडणाऱ्याला निर्माता म्हणणे हा निर्मितीचा अपमान आहे. हा आक्षेप वजनदार वाटतो, पण फार वेळ टिकत नाही. लेखक तरी काय करतो? एकही शब्द त्याने घडवलेला नसतो. सगळे शब्द आजीच्या, शेजाऱ्यांच्या, बाजाराच्या तोंडून आलेले, आयते. त्याने फक्त जुळवायचे. तरी लिहिले गेले ते त्याचेच असते, आणि याचा पुरावा कौतुकात शोधू नये, तक्रारीत शोधावा. अब्रुनुकसानीचा दावा कोणी शब्दकोशावर लावीत नाही. तो लेखकावर लागतो. शब्द निर्दोष असतात. जुळणीने घाव बसतो, आणि जुळणी ज्याची घाव त्याचा. जोडणारा निर्माता आहे की नाही, याचा निकाल म्हणून सोपा आहे. परिणामाला जो उत्तर द्यायला तयार असेल तो निर्माता. जो म्हणेल ‘मी केवळ जोडले’, त्याने स्वतःच्या तोंडाने ते पद सोडून दिले.

जुन्या रीतीविषयी हळवे होण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या गावगाड्यात सुताराने केलेल्या चाकाला चेहरा होता. कोणाच्या गाडीला चाक बसणार हे त्याला ठाऊक होते आणि चाक मोडले तर कोणाच्या दारी जायचे हे गाडीवाल्याला ठाऊक होते. उत्तरदायित्व डोळ्यांसमोर होते, हे खरे. पण त्याच गाड्यात सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे होते, आणि ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते त्यांनी हत्याराला हात लावणेही कठीण होते. चेहऱ्याची ओळख आणि जातीची बेडी एकाच घरात नांदत होत्या. मापाचे मोठेपण असे, की ते कूळ विचारीत नाही. डबी दहा सेंटिमीटरची आहे ना, वजन हद्दीत आहे ना, मग ती कोणीही बनवलेली असो. जुलै २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून ज्या चिमुकल्या डब्या सोडल्या गेल्या, त्यांत घाना, मंगोलिया आणि बांगलादेश या देशांचे पहिलेवहिले उपग्रह होते. जपानमधील क्यूशू तंत्रविद्या संस्थेत त्या त्या देशांच्या विद्यार्थ्यांनी ते उभे केले होते. ज्यांना आकाशाच्या पंक्तीत कधी पान मिळाले नसते, त्यांना या मापाने पान मांडून दिले. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आपल्याकडेही हे पान मांडले गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा एक किलोच्या आतबाहेरचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने इतर १९ उपग्रहांबरोबर वर गेला. वळण्यासाठी त्यात मोटार नव्हती, इंधन नव्हते; चुंबकाच्या जोरावर, होकायंत्राची सुई वळते तसा, तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहावा अशी त्याची रचना होती. मौज अशी, की त्वरेने करता यावा म्हणून ज्याचे माप ठरले त्या प्रकारच्या या उपग्रहाला सुमारे आठ वर्षे लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात गेलेल्या, मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांच्या ‘प्रथम’ या दहा किलोच्या उपग्रहाचीही हीच तऱ्हा. विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या, काम पुढच्यांच्या हाती देऊन गेल्या. आयते भाग आणून चार महिन्यांत जमवता आले असते ते स्वतः करण्यात त्यांनी वर्षे घालवली, हे शहाणपण की हट्ट? मला वाटते, उपग्रह हवा असेल तर हट्ट आणि अभियंते हवे असतील तर शहाणपण. ज्याने एकदा स्वतः भाग घडवला आहे, त्याला आयता भाग हातात घेतल्यावर काय विचारावे हे कळते. घरी एकदा चकलीची भाजणी केलेली बाई विकतच्या भाजणीचा वास घेऊनच सांगते की डाळ कच्ची राहिली आहे. तिला विकतची वर्ज्य नाही. पण तिचे घेणे हे डोळस घेणे आहे.

हा डोळसपणा नसेल तर काय होते, याची साक्षही आकाशातच आहे. २००३ च्या त्या पहिल्या तुकडीत टोकियो विद्यापीठाची डबी वर्षानुवर्षे बोलत राहिली. पण कॅनडाच्या आणि डेन्मार्कच्या एकेका डबीचा आवाज कोणालाच कधी ऐकू आला नाही. सेंट लुई विद्यापीठाचे मायकेल स्वार्टवाउट यांनी पहिल्या शंभर क्यूबसॅटांचा हिशेब २०१३ साली मांडला. विद्यापीठांच्या डब्यांपैकी कितीतरी वर जाताच मूक झाल्या होत्या, आणि त्यांनी वर्तवलेले कारण विचार करण्याजोगे आहे. सुटे भाग तपासले गेले होते. सगळे जोडून, जसे वर चालायचे तसे, पुरेसा वेळ चालवून पाहिलेच गेले नव्हते. वीज देणारा भाग चोख, संदेश पाठवणारा भाग चोख. पण संदेश पाठवताना वीज पुरते का, हे कोणी पाहिलेले नसते. गुण भागांत होते आणि दोष सांध्यात बसला होता. सुट्या भागाबरोबर त्याची हमी येते. सांध्याची हमी कोणत्याही डब्यातून येत नाही. ती जोडणाऱ्यालाच पदरची घालावी लागते. सुरुवातीच्या पलंगाच्या भांडणात ते चौघेही खरे बोलत होते, ते याच अर्थाने. पाचवी वस्तू जी सांधा, तिच्या वतीने बोलायला कोणी उभे नव्हते.

आता त्वरेकडे वळू. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने या शतकाच्या पहिल्या दशकात न्यू मेक्सिकोतील कर्टलँड येथे एक विलक्षण ध्येय समोर ठेवले. मागणी आल्यापासून सहा दिवसांत उपग्रह तयार! जेम्स लाइक आणि त्यांचे सहकारी यांची कल्पना अशी, की संगणकाला माऊस लावला की तो जसा आपोआप ओळखला जातो, तसा उपग्रहाचा प्रत्येक भाग जोडताच त्याने स्वतःच आपली ओळख सांगावी. मी तापमापक आहे, मला एवढी वीज लागते, मी अशा भाषेत आकडे देतो. प्रत्येक भागाच्या पोटातच त्याची कुंडली. मग जोडणाऱ्याने लावावे आणि चालवावे. कल्पना म्हणून ही सुंदर आहे यात शंका नाही. वर्षानुवर्षांच्या रटाळ तारजोडणीतून तिने माणसाला सोडवायचे ठरवले. पण ही घाई कोणाला होती? सेनापतीला. रणांगणावर गरज पडताच आकाशात डोळा हवा होता.

सैनिकी असणे हा एवढ्यावरून दोष ठरत नाही. पुरात अडकलेल्या गावालाही सहा दिवसांत आलेला डोळा हवाच असेल. माझी शंका निराळी आहे. संथपणा ही नुसती अडचण नव्हती; तो एक प्रश्न विचारणाराही होता. पाच वर्षे आणि अमाप पैसा लागणार असला की माणसाला पाच वर्षांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते, हे मी का करीत आहे. सरकारला सांगावे लागते, सहकाऱ्यांना सांगावे लागते, आणि एखाद्या रात्री झोप न आली तर स्वतःलाही. सहा दिवसांत हा प्रश्न विचारायला फुरसत कोणाला? पूर्वी पत्र लिहून पाकिटात घालून पेटीपर्यंत चालत जाईतो रागाचे अर्धे पाणी होई; हल्ली राग येताच संदेश पोचलेला असतो. टपालखात्याने कधी नीती शिकवण्याचा दावा केला नव्हता, पण ते चार पावलांचे अंतर तेवढे काम गुपचूप करीत होते. सोय जेव्हा असे अंतर पुसून टाकते, तेव्हा त्या अंतराने केलेले काम आपल्या अंगावर येते. अडचण जो प्रश्न विचारीत होती, तो आता आपण होऊन विचारावा लागतो.

तो न विचारल्याचे एक उदाहरण आपल्याच भूमीवरून वर गेले आहे. १२ जानेवारी २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्हीत एका नव्या अमेरिकी कंपनीच्या ‘स्पेसबी’ नावाच्या चार मधमाश्या होत्या. प्रत्येकीची लांबी-रुंदी दहा सेंटिमीटर, पण जाडी तीन सेंटिमीटरांच्याही आत. म्हणजे डबीचा चतकोर. जमिनीवरून आकाशावर पहारा ठेवणारी अमेरिकी यंत्रणा खालच्या कक्षांत साधारण दहा सेंटिमीटरपर्यंतच्या वस्तूंचा माग ठेवी. ही वस्तू त्याहून बारीक, दिसली नाही तर इतरांनी तिला चुकवायचे कसे, असे म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आदल्याच महिन्यात परवानगी नाकारली होती. तरी मधमाश्या उडाल्या. पुढे कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले.

या हकिकतीचा खरा पेच पुढे आहे. त्या मधमाश्या रडारला दिसल्या. कोणाला धडकल्या नाहीत. कोणाचे काही बिघडले नाही. मग अपराध तो कोणता? जो केवळ परिणाम मोजतो त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. पण अंधारात दिवा न लावता गाडी हाकणारा त्या रात्री कोणाला न धडकता घरी पोचला, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? रस्त्यावरच्या दुसऱ्या सगळ्यांच्या जिवाची जोखीम त्याने त्यांना न विचारता घेतली, अपराध तिथेच झाला. घरी सुखरूप पोचणे हे त्याचे नशीब, त्याचा गुण नव्हे. आकाश हे गावाच्या गायरानासारखे आहे. ते कोणाचे नाही म्हणून सगळ्यांचे आहे, आणि सगळ्यांचे आहे म्हणून तिथे प्रत्येकाने थोडे आखडून वागायचे असते. इक्वेडोरने आपला पहिला उपग्रह ‘पेगासो’ एप्रिल २०१३ मध्ये मोठ्या हौसेने पाठवला. तीही एक डबीच. महिनाही झाला नव्हता, तो १९८५ सालच्या एका सोव्हिएत रॉकेटाच्या जुन्या टाकीभोवतीच्या कचऱ्याला घासून गेल्याचे, आणि मग गिरक्या खाऊ लागल्याचे त्या देशाच्या अंतराळ संस्थेने सांगितले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्यांनी ते रॉकेट सोडले त्यांनी इक्वेडोरचे काही वाईट चिंतले नव्हते. त्यांनी इक्वेडोरचा विचारच केला नव्हता. पुष्कळसे वाईट जगात असेच घडते.

आणि गायरानात गुरे वाढतच आहेत. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच पीएसएलव्हीने १०४ उपग्रह सोडले. त्यांतले ८८ एकाच कंपनीचे, एकाच साच्याचे. पाचशे किलोमीटरवरची वस्तू काही वर्षांत हवेच्या घर्षणाने खाली येऊन जळते. आठशे किलोमीटरवरची शतकभर, त्याहूनही अधिक काळ, फिरत राहते. म्हणजे किती उंचीवर सोडायचे हा प्रश्न यंत्रशास्त्राचा जितका, तितकाच नातवंडांचा आहे. याची जाणीव जगाला उशिरा का होईना होऊ लागली आहे. काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत उपग्रह खाली आणावा, असा नियम अमेरिकेच्या त्याच आयोगाने २०२२ साली केला. आपल्या इस्रोने १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात रॉकेटाचा शेवटचा टप्पा कचरा म्हणून न टाकता त्यावरच नऊ प्रयोग बसवले, आणि प्रयोग झाल्यावर २१ मार्चला तो वातावरणात उतरवून संपवला. निरनिराळ्या संस्थांचे तयार प्रयोग एका तयार पाटावर जोडायचे, आणि कार्य उरकल्यावर पाटही उचलून ठेवायचा. पंगतीनंतर पत्रावळी उचलणाऱ्या यजमानाचीच ही रीत.

जोडणीच्या रीतीचे सर्वांत उजळ रूप मला दिसते ते मात्र याहून जुन्या एका प्रसंगात. सूर्याचा अभ्यास करणारा ‘सोलर मॅक्स’ हा अमेरिकी उपग्रह १४ फेब्रुवारी १९८० रोजी गेला. त्याची मुख्य अंगे मुद्दामच वेगवेगळ्या, सुट्या करता येतील अशा पेट्यांत बसवली होती. त्याच वर्षाअखेर त्याची नजर सूर्यावर खिळवून ठेवणारी यंत्रणा बिघडली. एरवी त्याची गणना कचऱ्यात झाली असती. पण एप्रिल १९८४ मध्ये ‘चॅलेंजर’ यानातून जॉर्ज नेल्सन आणि जेम्स व्हॅन हॉफ्टन हे अंतराळवीर तिथे गेले, बिघडलेली पेटी त्यांनी काढली, नवी बसवली, आणि उपग्रह १९८९ पर्यंत काम करीत राहिला. विशेष असे, की त्याच फेरीत त्यांनी आणखी एका उपकरणाची विजेची पेटीही बदलली. ती मात्र कधी उघडायची म्हणून बनवलेलीच नव्हती. अंतराळात, जाड हातमोज्यांनी, बारीक स्क्रू काढीत त्यांनी ते काम पुरे केले. सुटे होणारे भाग जुन्याला वाचवू शकतात, तसेच जुने फेकून नवे आणायलाही सोपे करतात. तोच सांधा, दोन वृत्ती. एक म्हणते, बिघडले तर बदलू, म्हणजे टिकेल. दुसरी म्हणते, बिघडले तर दुसरे पाठवू, टिकवायचे कशाला? सांधा यांतली कोणतीच वृत्ती सुचवीत नाही. ती आपली आपण आणायची असते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. घडवणे आणि जोडणे यांत नीतीचा भेद नाही. दोघांनाही तेच नियम लागू. भेद आहे तो नीती कुठे शोधायची यात. घडवणाऱ्याची नीती वस्तूच्या अंगात दिसते, कारण त्याचा वेळ आणि त्याचा घाम तिच्यात जिरलेला असतो. जोडणाऱ्याला वेळही फारसा लागत नाही आणि घामही येत नाही. त्याची नीती सांध्यात पाहायची. भाग कोणी केले हे तो सांगू शकतो काय? सगळे जोडून त्याने चालवून पाहिले काय? आपल्यामुळे कोणाला चुकवत जावे लागेल हे त्याने विचारले काय? आणि काम सरल्यावर ही वस्तू कुठे जाईल, याचे उत्तर त्याच्यापाशी आहे काय? ज्याच्यापाशी ही उत्तरे आहेत त्याने खुशाल सहा दिवसांत उपग्रह करावा. सहा तासांत केला तरी माझी तक्रार नाही.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली असावी. सांधा आणि संधी हे शब्द एकाच मुळाचे. तयार भागांनी आणि ठरीव मापाने पुण्याच्या मुलांना, घानाच्या मुलांना, मंगोलियाच्या मुलांना संधी दिली, ही या युगाची मोठी देणगी आहे आणि ती कोणी परत मागू नये. परंतु प्रत्येक संधी हा एक सांधाही असतो. त्याच्या पलीकडे कोणीतरी असते, आणि ते बहुधा आपल्या ओळखीचे नसते. यंदाच्या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील लावताना एखादा ठिपका ताऱ्यांतून संथपणे सरकत जाताना दिसला, तर मुले विचारतील, तो कोणी बनवला. नाव सांगता आले तर सांगावेच. पण त्याबरोबर हेही सांगावे, की बनवणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या शेवटच्या माणसाने, सगळे जोडून झाल्यावर, ‘हा माझा’ म्हटले पाहिजे.